रांजणातले मासे
गोल्डफिशच्या रूपांचा आणि कणखरपणाचा इतिहास

गेल्या उन्हाळ्याच्या तोंडाशी माझ्या एका मैत्रिणीचा फोन आला. आम्ही दोघं एकाच शाळेत शिकलो. ती आता सातारा जिल्ह्यातल्या एका गावी विज्ञान शिकवते. तिच्या सातवीच्या वर्गानं वर्गणी काढून काचेची एक टाकी आणि चार गोल्डफिश आणले होते. दोन मासे सडपातळ, एका शेपटीचे. दोन गोलमटोल, झालरीसारख्या दुहेरी शेपटीचे. मुलांचा जीव अर्थातच गोल माशांवर. एका शनिवारी शाळा सुटल्यावर वीज गेली, हवेचा पंप बंद पडला आणि सोमवारी सकाळी टाकीत दोन्ही गोल मासे मेलेले सापडले. सडपातळ मासे पृष्ठभागाशी तोंड आणून धापा टाकत होते, पण जिवंत होते.

मुलं हळहळली आणि मग त्यांनी निष्कर्षही काढला. एकानं तो फळ्यावर लिहिला : ‘सुंदर मासे नाजूक असतात, साधे मासे कणखर असतात.’

‘‘हे मी तसंच राहू देऊ की पुसू?’’ मैत्रिणीनं विचारलं.

मी म्हटलं, ‘‘पुसू नकोस, पण शेजारी एक प्रश्नचिन्ह काढ.’’ चार मासे आणि एक शनिवार-रविवार एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही. माशांची वयं माहीत नाहीत, ते कुठल्या पाण्यातून आले ते माहीत नाही, मेलेले दोन आधीच आजारी होते का तेही माहीत नाही. पण मुलांनी जे पाहिलं तसाच अनुभव मासे पाळणारे अनेक जण सांगतात. तेव्हा प्रश्न खरा आहे. त्याचं उत्तर शोधायला मात्र हजार वर्षं मागं, चीनमध्ये जावं लागतं.

एकच जात

दुकानात गोल्डफिशची बरीच नावं ऐकू येतात. कॉमेट, शुबुंकिन, रियुकिन, ओरांडा, रांचू, टेलिस्कोप. कुणाची शेपटी लांब, कुणाच्या डोक्यावर रासबेरीसारखा मांसल मुकुट, कुणाचे डोळे बाहेर आलेले, तर कुणाच्या पाठीवर परच नाही. हे सगळे वेगवेगळ्या जातींचे मासे वाटतात. पण ते सारे एकाच जातीचे आहेत : कॅरॅशियस ऑराटस. आपल्या रोहू-कटल्याच्याच कार्प कुळातला हा मासा. यांतल्या कुठल्याही दोन प्रकारांचा संकर होतो आणि त्या पिल्लांनाही पुढं पिल्लं होतात. अल्सेशियन आणि पॉमेरेनियन जसे दोन्ही कुत्रेच, तसंच हे.

या सर्वांचा पूर्वज चीनमधल्या तळ्यांत आणि संथ नद्यांत राहणारा हिरवट-तपकिरी मासा आहे. गढूळ पाण्यात वरून पाहणाऱ्या बगळ्याला तो दिसत नाही, हेच त्याच्या रंगाचं काम. क्वचित एखाद्या पिल्लात जनुकीय बदलामुळं काळं रंगद्रव्य असणाऱ्या पेशी नाहीशा होतात आणि खालचा पिवळा-तांबडा रंग उघडा पडतो. नदीत अशा माशाचं आयुष्य फार नसतं, कारण तो सगळ्यांत आधी दिसतो.

देवळामागचं तळं

मग असा मासा टिकला कसा? त्याला पकडायचं नाही असं माणसांनी ठरवलं, म्हणून. बौद्ध परंपरेत पकडलेल्या प्राण्याला सोडून देणं हे पुण्याचं काम. चीनमध्ये तांग राजवटीच्या काळात (618 ते 907) देवळांजवळ अशी जीवदानाची तळी होती. महाडजवळच्या वाळणकोंडीतले मासे देवाचे म्हणून कुणी धरत नाही, तसाच हा प्रकार. नेहमीपेक्षा वेगळ्या रंगाचा मासा जाळ्यात आला की तो खाण्याऐवजी तळ्यात सोडायचा.

हांगझौ शहरातल्या लिऊहे पॅगोड्यामागच्या तळ्यात असे सोनेरी मासे होते. अकराव्या शतकात सू शुनचिन या कवीनं त्यांचा उल्लेख केला. पुढं काही दशकांनी सू शी हा प्रसिद्ध कवी हांगझौला आला, तेव्हा त्यानंही ते पाहिले. म्हणजे या तळ्यात सोनेरी रंग टिकून होता. तो मुद्दाम कुणी जोपासलेला नव्हता. तळ्यात फक्त एक गोष्ट कमी झाली होती : दिसल्याबद्दलची शिक्षा.

मुलांना नैसर्गिक निवड शिकवताना आपण बहुधा ‘निसर्ग काय निवडतो’ ते सांगतो. निवडीचा दाब सैल झाला की काय होतं, हे सांगायला हे तळं चांगलं उदाहरण आहे.

लाल किड्यांचं गुपित

सोंग सम्राट गाओझोंग यानं 1162 साली गादी सोडली आणि हांगझौमधल्या आपल्या महालात तो राहू लागला. तिथं त्यानं गोल्डफिशसाठी तळं करवलं. राजानं केलं की दरबारी करणारच. श्रीमंतांच्या बागांत तळी आली आणि सोनेरी मासे पैदा करून विकणं हा एक धंदा झाला.

युए के या लेखकानं 1214 च्या सुमाराला या धंद्याबद्दल लिहून ठेवलं आहे. माशांना सोनेरी करण्याची विद्या हांगझौच्या लोकांना येते, पण विचारलं तर ते सांगत नाहीत. काही जण म्हणतात, शहरातल्या गटारांतले बारीक लाल किडे खाऊ घातले की शंभर दिवसांत कुठलाही मासा रंग बदलतो. अशी ती नोंद आहे. काळ्या ठिपक्यांच्या एका चितकबऱ्या माशाचाही त्यानं उल्लेख केला आहे. म्हणजे तोवर निदान एक नवं रूप तयार झालं होतं.

आठशे वर्षांपूर्वीचं हे गृहीतक तपासून पाहण्याजोगं आहे. त्यात एक बरोबर निरीक्षण आहे. गोल्डफिशची पिल्लं जन्मतः सोनेरी नसतात. ती पूर्वजासारखीच हिरवट-तपकिरी असतात. काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी त्यांच्यातल्या काळ्या रंगपेशी मरू लागतात आणि खालचा रंग वर येतो. कुणाला वेळ लागतो, तर काही पिल्लं जन्मभर तपकिरीच राहतात. हा बदल होत असताना मासे किडे खातच असतात, त्यामुळं किड्यांनीच रंग आला असं वाटणं साहजिक आहे. शिवाय त्यात अर्धं तथ्यही आहे. पिवळ्या-तांबड्या रंगाची कॅरोटिनॉइड द्रव्यं मासा स्वतःच्या शरीरात बनवू शकत नाही, ती त्याला अन्नातूनच मिळतात. निकृष्ट अन्नावर वाढलेला गोल्डफिश फिकट दिसतो. पण तळ्यातल्या साध्या माशाला कितीही लाल किडे घातले, तरी त्याच्या काळ्या पेशी मरत नाहीत. त्यासाठी वारसाच लागतो.

हांगझौचे व्यापारी ‘कुठलाही मासा’ म्हणत होते, पण ते खाऊ घालत होते ते सोनेरी माशांच्याच पिल्लांना. नियंत्रित प्रयोग केला असता तर हे गुपित शंभर दिवसांत फुटलं असतं.

तळ्यातून रांजणात

पुढचा टप्पा फार महत्त्वाचा आहे. मिंग राजवटीत (1368 ते 1644) मासे तळ्यातून रुंद तोंडाच्या मातीच्या रांजणांत आले. ली शीझेन या वैद्यानं आपला औषधी द्रव्यांचा प्रचंड ग्रंथ 1578 साली पूर्ण केला. सोंग काळात या माशांना पाळायला सुरुवात झाली आणि आता ते घरोघरी दिसतात, असं त्यात नोंदवलं आहे. ज्याच्याकडं तळ्याएवढी जागा नव्हती, त्याच्या अंगणात रांजण मावत होता.

रांजणानं तीन गोष्टी बदलल्या. पहिली, मासा माणसाच्या डोळ्यांखाली आला. तळ्यात लांबून फक्त रंग दिसतो. रांजणावर वाकून पाहिलं की शेपटीचा आकार, पाठीची ठेवण, डोळे सगळं दिसतं. दुसरी, मोजक्या माशांची वेगळी पैदास करता येऊ लागली, त्यामुळं दुर्मीळ गुण एकत्र यायची शक्यता वाढली. आणि तिसरी, माशाला अन्नासाठी पोहावं लागेना. तळ्यात नीट पोहता न येणारं पिल्लू उपाशी मरतं. रांजणात अन्न त्याच्या तोंडाशी येतं.

झांग छियान-द यानं 1596 साली गोल्डफिशवर एक छोटं पुस्तक लिहिलं. या विषयावरचं ते पहिलं स्वतंत्र पुस्तक मानलं जातं. त्याची पद्धत अशी : दर उन्हाळ्यात काही हजार पिल्लं विकत घ्यावीत, ती काही डझन रांजणांत वाटावीत, रोज पाहणी करून मनासारखी नसतील ती काढून टाकावीत आणि शेवटी शंभरातली एक-दोन ठेवून दोन-तीन रांजणांत काळजीपूर्वक वाढवावीत. असं केलं की दुर्मीळ प्रकार आपोआप गोळा होतात. इतर माशांपेक्षा यांना जास्त शेपट्या असतात, असंही तो लिहितो.

शंभरातले एक-दोन! आणि निवडीची कसोटी एकच : डोळ्याला काय आवडलं. थंडी कोण सोसतं, कमी हवेच्या पाण्यात कोण तगतं, वेगानं कोण पोहतं, हे प्रश्न त्या पाहणीत नव्हते. मिंग काळाच्या अखेरीस दुहेरी शेपटी, आखूड अंग, पाठीवर पर नसणं, बाहेर आलेले डोळे ही रूपं नोंदींत दिसू लागतात, ती याच पद्धतीतून. डोक्यावरचा मुकुट, मोत्यासारखे फुगीर खवले, डोळ्यांखालच्या पाण्याच्या पिशव्या ही रूपं नंतरच्या शतकांतली.

जपान, युरोप आणि डार्विन

गोल्डफिश 1502 च्या सुमाराला जपानच्या साकाई बंदरात आले, असं 1748 साली तिथं छापलेल्या एका पुस्तकात म्हटलं आहे. नारा शहराजवळच्या यामातोकोरियामा गावात सामुराईंनी जोडधंदा म्हणून त्यांची पैदास केली. सरंजामशाही संपून त्यांचे तनखे बंद झाले, तेव्हा या धंद्यानं अनेक घरं तगवली. हे गाव आजही गोल्डफिशसाठी ओळखलं जातं. जपानी पैदासकारांचा लाडका रांचू म्हणजे पाठीवर पर नसलेला, अंडाकृती मासा. त्याची पारख परंपरेनं वरून पाहून करतात, कारण तो वाढला तो पसरट भांड्यात.

युरोपात हे मासे सतराव्या शतकात पोचले. लिनिअसनं 1758 साली त्यांना ‘सिप्रिनस ऑराटस’ हे नाव दिलं. सोव्हिन्यी या फ्रेंच लेखकानं 1780 साली चिनी गोल्डफिशच्या रंगीत चित्रांचं पुस्तक पॅरिसमध्ये काढलं आणि एका माशाची इतकी रूपं असू शकतात हे युरोपातल्या वाचकांना दिसलं.

चार्ल्स डार्विननं 1868 च्या आपल्या ग्रंथात पाळीव प्राण्यांमधल्या विविधतेचा आढावा घेतला. त्यात कबुतरांवर दोन लांबलचक प्रकरणं आहेत, तर गोल्डफिशवर थोडासाच मजकूर. पण त्यात एक नेमका प्रश्न आहे. दुहेरी शेपटी किंवा पर नसलेली पाठ याला ‘विविधता’ म्हणायचं की ‘विकृती’? या दोहोंमध्ये रेषा ओढणं कठीण आहे, असं डार्विनला वाटलं. आपल्या सातवीच्या मुलांनी फळ्यावर लिहिलेलं वाक्य याच प्रश्नाच्या आसपास फिरतं.

नानजिंगमधले वाटाणे

रंगरूपाचा वारसा कसा चालतो याचं उत्तर विसाव्या शतकात मिळालं आणि ते गोल्डफिशच्या मायदेशातच मिळालं. चेन झेन (1894 ते 1957) हे अमेरिकेत मॉर्गन यांच्या प्रयोगशाळेत फळमाश्यांची आनुवंशिकी शिकून आले होते. मायदेशी परतल्यावर त्यांनी आपल्या प्रयोगांसाठी प्राणी निवडला तो गोल्डफिश. स्वस्त, घरोघरी मिळणारा आणि भरपूर रूपांचा. त्यांचा माशांच्या बाह्य रूपांवरचा पहिला निबंध 1925 साली प्रसिद्ध झाला.

1928 साली त्यांनी पारदर्शक माशांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. साध्या गोल्डफिशच्या खवल्यांखाली चकाकणारा थर असतो. पारदर्शक प्रकारात तो नसतो. साधा आणि पारदर्शक यांचा संकर केला की सगळी पिल्लं मधल्या प्रकारची, म्हणजे काही खवले चकाकणारे तर काही पारदर्शक अशी चितकबरी निघतात. अशा दोन चितकबऱ्या माशांच्या संकरातून पारदर्शक, चितकबरे आणि साधे मासे 1:2:1 या प्रमाणात मिळतात. वाटाण्यांच्या उंचीत एक गुण दुसऱ्याला झाकतो. इथं तसं होत नाही, दोन्ही मिळून तिसरं रूप दिसतं. अपूर्ण प्रभाविता शिकवताना आपण गुलबक्षीच्या फुलांचं उदाहरण देतो, त्याला ही जोड द्यायला हरकत नाही. शुद्ध चितकबऱ्यांची पिढी कधीच का मिळत नाही, असं पैदास करणाऱ्यांना पडणारं कोडंही यातून सुटतं. निम्मी पिल्लं दर वेळी वेगळी निघणारच.

1934 साली त्यांनी निळसर आणि तपकिरी रंगाचा वारसा उलगडला. निळसर रंग एका अप्रभावी जनुकामुळं येतो, तर मिंग-सोंग काळापासूनच्या त्या जन्मजात तपकिरीपेक्षा वेगळ्या, चॉकलेटसारख्या तपकिरी रंगाला अप्रभावी जनुकांच्या चार जोड्या लागतात. वर्गात हिशेब करून पाहा. एका जोडीसाठी शक्यता चारात एक. चार जोड्यांसाठी चार गुणिले चार गुणिले चार गुणिले चार, म्हणजे संकरित पिढीच्या पिल्लांत 256 पैकी एक. पन्नास पिल्लं वाढवणाऱ्याला असा मासा बहुधा दिसणारच नाही. हजारो पिल्लं पाहणाऱ्या झांगसारख्या माणसाला तो ‘आपोआप’ सापडेल. जुन्या पुस्तकातला मोठ्या संख्येचा आग्रह उगाच नव्हता.

जास्तीची प्रत

आता कणखरपणाकडं वळू. साधा गोल्डफिश खरोखरच चिवट आहे. कॅनडात टोरोंटोमध्ये फ्राय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1942 साली गोल्डफिशच्या तापमानसहनशक्तीवर प्रयोग प्रसिद्ध केले. मासा किती उष्णता वा थंडी सोसेल हे तो आधी कुठल्या तापमानात राहत होता त्यावर ठरतं, हे त्यांनी दाखवलं. हळूहळू सवय झालेला गोल्डफिश गोठणबिंदूजवळच्या पाण्यापासून सुमारे 41 अंश सेल्सिअसपर्यंत तगू शकतो. एकदम बदल झाला तर मात्र त्याहून सौम्य तापमानातही मरतो. दुकानातून आणलेली पिशवी न उघडता काही वेळ टाकीच्या पाण्यात ठेवायची, ती याचसाठी.

त्याहून विलक्षण गोष्ट 1980 साली कॅनडातल्याच शूब्रिज आणि होचाच्का यांनी दाखवली. ऑक्सिजन मिळाला नाही की आपल्या स्नायूंत लॅक्टिक आम्ल साठतं. ते फार साठलं तर प्राणी मरतो. गोल्डफिश मात्र त्यातून मद्यार्क बनवतो आणि तो कल्ल्यांवाटे पाण्यात सोडून देतो. थंड पाण्यात तो यामुळं ऑक्सिजनशिवाय बराच काळ जगतो. बर्फाखालच्या तळ्यात हिवाळा काढणाऱ्या कुळाला ही युक्ती फार उपयोगाची.

ही युक्ती आली कुठून? ऑस्लो आणि लिव्हरपूल विद्यापीठांतल्या संशोधकांनी 2017 साली याचं उत्तर दिलं. या माशांच्या पूर्वजात लाखो वर्षांपूर्वी एक घटना घडली. त्याचा सगळा जनुकसंच दुप्पट झाला. 2019 साली गोल्डफिशचा संपूर्ण जनुकसंच वाचला गेला, तेव्हा या दुपटीचे ठसे त्यात स्पष्ट दिसले. या माशाला 100 गुणसूत्रं आहेत, झेब्राफिशच्या 50 च्या दुप्पट. दुप्पट झाल्यावर प्रत्येक जनुकाची एक प्रत नेहमीचं काम करत राहिली, तर दुसरी मोकळी झाली. साखरेचं विघटन करणाऱ्या प्रथिनांच्या अशाच एका मोकळ्या संचानं मद्यार्क बनवण्याचं काम उचललं.

आणि आता या गोष्टीतला सगळ्यांत सुंदर भाग. गर्भाची पाठ कुठं आणि पोट कुठं हे ठरवण्यात कॉर्डिन नावाच्या प्रथिनाचा मोठा वाटा असतो. आपल्या ओढ्यांतही आढळणाऱ्या झेब्राफिशमध्ये त्याचं जनुक बिघडलं, तर पिल्लं बहुतेक मरतात. गोल्डफिशकडं दुपटीमुळं या जनुकाच्या दोन प्रती आहेत. आबे, ओता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 साली दाखवलं, की दुहेरी शेपटीच्या गोल्डफिशमध्ये यांतली एक प्रत मोडलेली असते. दुसरी शाबूत असल्यानं पिल्लू जगतं, मात्र पोटाकडच्या बाजूला जास्त ऊती वाढते आणि शेपटीचा पर दोन फाकांचा होतो.

म्हणजे सडपातळ माशाला कमी हवेच्या पाण्यात तारणारी युक्ती आणि गोल माशाची झालरीसारखी शेपटी या दोन्ही गोष्टी एकाच वारशातून आल्या, जनुकांच्या जास्तीच्या प्रतीतून. एक प्रत निसर्गानं तळ्यात वापरली, दुसरी माणसानं रांजणात.

कुठला अवयव बदलला?

मग मुलांचं वाक्य बरोबर की चूक? ‘सुंदर’ या शब्दातच घोटाळा आहे. मुलांनी ज्याला ‘साधा’ म्हटलं, तो एका शेपटीचा मासाही सोनेरीच होता आणि सोनेरी रंग हे माणसानं जपलेलं पहिलं रूप. कॉमेटची शेपटी लांब आणि डौलदार असते, तरी तो कणखर आहे. तेव्हा विचारायचं असेल तर असं विचारावं : या प्रकारात नेमका कुठला अवयव बदलला आणि त्या अवयवाचं काम काय होतं?

रंग बदलला तर तोटा लपण्याचा. रांजणात लपायचं कुणापासून? तिथं हा तोटा जवळजवळ शून्य. डोळे बाहेर आले की गोष्ट वेगळी. 2020 साली जपानी संशोधकांनी गोल्डफिशच्या 27 प्रकारांचा जनुकीय अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात टेलिस्कोप माशाच्या डोळ्यांमागं एका विशिष्ट जनुकातला बिघाड सापडला. माणसात याच जनुकातल्या दोषानं तीव्र लघुदृष्टी येते. अशा माशाला चपळ माशांबरोबर ठेवलं तर अन्नाच्या स्पर्धेत तो मागं पडतो. पाठीवर पर नसणं हे मात्र अनेक जनुकांचं मिळून काम आहे. म्हणूनच निवडलेल्या रांचूंच्या पिल्लांतही मधूनच पराचा खुंट डोकावतो. या पराचं काम नावेच्या तळकाठीसारखं, अंगाला डोलू न देण्याचं. कॅनडात 2009 साली चार प्रकारच्या गोल्डफिशच्या पोहण्याची तुलना झाली. आखूड, गोल अंगाच्या प्रकारांना पाण्याचा विरोध जास्त होतो आणि पर नसलेल्या प्रकाराला तोल सांभाळणं कठीण जातं, असं त्यात दिसलं.

सगळ्यांत मोठी किंमत आखूड अंगाची आहे. पाठीचा कणा दबला की पोटातल्या अवयवांना जागा कमी पडते. मासा ज्याच्या जोरावर पाण्यात हव्या त्या पातळीला राहतो, तो वाताशयही बेढब होतो. गोल मासे पोट वर करून तरंगताना दिसतात ते बऱ्याचदा यामुळं. मद्यार्काची यंत्रणा ज्या जनुकांच्या दुपटीतून आली ती सगळ्याच प्रकारांच्या वारशात आहे, पण पंप बंद पडलेल्या कोमट पाण्यात पृष्ठभागाशी टिकून राहायलाही गोल माशाला जास्त कष्ट पडतात. शिवाय कोमट पाण्यात मुळात ऑक्सिजन कमी विरघळतो आणि अरुंद टाकीत हवेला टेकणारा पृष्ठभाग लहान असतो. रुंद तोंडाच्या रांजणात निदान ही शेवटची अडचण नव्हती.

गोल मासा नाजूक आहे, पण तो ‘सुंदर’ असण्याची शिक्षा भोगत नाही. त्याला जगवायचं काम चारशे वर्षं माणूस करत आला. अन्न देणं, पाणी बदलणं, ऊन-थंडी सांभाळणं. त्या भरवशावर त्याचं अंग असं घडलं. तो भरवसा दोन दिवस तुटला, म्हणून तो मेला.

वर्गात काय करता येईल

मी हे सगळं मैत्रिणीला एका लांबलचक पत्रात लिहिलं. सोबत दोन सूचना केल्या. कुठले मासे आधी मरतात हे पाहण्याचा प्रयोग मुलांना करू देऊ नकोस. आणि मासे नकोसे झाले तर ते ओढ्यात किंवा तळ्यात सोडू देऊ नकोस. ऑस्ट्रेलिया आणि उत्तर अमेरिकेत असे सोडलेले गोल्डफिश नद्या-तलावांत पसरले आहेत आणि तिथल्या मूळच्या माशांना जड झाले आहेत. चिवटपणाची दुसरी बाजू ही अशी.

पावसाळ्यात तिचा पुन्हा फोन आला. शाळेनं टाकी काढून आवारातला जुना, रुंद सिमेंटचा हौद साफ करून घेतला होता. उरलेल्या दोन माशांनी त्यात अंडी घातली आणि पिल्लं निघाली. सगळी मातकट रंगाची. मुलांना वाटलं आपण फसलो. तिनं त्यांना काही सांगितलं नाही, फक्त तारीख टाकून दर सोमवारी किती पिल्लं बदलली ते वहीत लिहायला लावलं. दिवाळीच्या सुट्टीआधी काही पिल्लं तांबूस झाली होती, काही अजून मातकटच होती आणि एकाची शेपटी किंचित वाकडी होती.

हौदात सगळ्यांना पुरेशी जागा नाही, हे मुलांच्या लक्षात आलं होतं. ‘‘बाई, काही पिल्लं दुसऱ्या शाळेला द्यायची आहेत,’’ एक मुलगी म्हणाली, ‘‘मग आपल्याकडं कुठली ठेवायची?’’

वर्गात बराच वेळ वाद झाला म्हणे. शेवटी त्यांनी सोनेरी आणि मातकट दोन्ही ठेवायचं ठरवलं आणि वाकड्या शेपटीचंही. फळ्यावरचं ते वाक्य कुणीतरी पुसलं होतं. प्रश्नचिन्ह मात्र तसंच होतं.